पहाऱ्यातली पानं

"मने, विचार गो त्यांना, पाणी घेणार काय?" मी मांजरीला म्हटलं.

मनीने डोळे मिटून घेतले. पडवीच्या खांबाला टेकून बसलेला माझा पाठचा सख्खा भाऊ सहदेव त्या खांबाकडे बघत म्हणाला, "सांग रे खांबा तिला, आमी पाणी पिऊन आलोय."

"आणि त्यांच्या आयेचा दम कसा हाय, तेपण विचार."

खांब म्हणाला, "हाय तसाच. रात्री बसूनच झोपते."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला माझे यजमान जाळं सांधत बसले होते. नाव वासुदेव. लिहिताना चालतं, बोलताना मी अजून 'अहो'च म्हणते. त्यांची सुई चालू होती, पण कान थांबलेले मला दिसले. त्या चार दिवसांत आमच्या घरात सगळ्यांचेच कान उभे होते. दोघांच्या बरोबर मधे, भिंतीतल्या कोनाड्यात, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यावर दोन वाड्यांचा पहारा होता. वरचीवाडीकडून माझा भाऊ, खालचीवाडीकडून माझा नवरा. डब्यात सोनं नव्हतं. दोन पुड्या होत्या आणि पुड्यांत पानं. गोरखचिंचेची.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची.

आमच्या खाजणवड्याला दोन वाड्या, वरची आणि खालची. मधे भरतीला बुडणारं खाजण आणि त्यावरून एक बांध. मी वरचीत जन्मले, बांध ओलांडून खालचीत नांदायला आले. लग्नात आई शेजारणीला म्हणाली होती, "लेक शिंकली तरी मला ऐकू येईल." दहा मिनिटांची वाट. त्या वाटेवर मी तेव्हा सहा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी बांधापलीकडे आईच्या चुलीचा धूर दिसला की ती उठली एवढं कळायचं. धूर उशिरा निघाला की माझी भाकरी करपायची.

कारण झाड. दोन्ही वाड्यांत एकेक गोरखचिंच आहे, हत्तीच्या पायासारखी राखाडी, सहा माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारी. तिची बोंडं सुकवून आमचे आजे जाळ्यांना तरंगायला बांधायचे. शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघाली की आधी 'आईझाडा'कडे जायची, तिथे मानाचा नारळ फुटायचा आणि मग ती घरोघर फिरायची. आता आईझाड कोणतं? खालची म्हणे, आमच्या मूळपुरुषाने गलबतातून बोंड आणलं. आमचं झाड आई, त्याचंच बोंड भरतीत वाहत जाऊन वरचीला रुजलं. वरची म्हणे, नेमकं उलट. पुरावा दोघांकडे एकच, की आमचा आजा सांगायचा. एका शिमग्याला नारळावरून डोकी फुटली. पालखीला सरकारी कुलूप लागलं. मग वाड्यांनी एकमेकांना आपली कुलपं लावली. जायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही. जो मोडेल त्याच्या मयताला खांदा नाही.

आईचा दम वाढत होता. मला रोज एकच भीती. ती जाईल आणि मी बांधाच्या या टोकाला उभी असेन.

अशात, दिवाळीच्या आधी, शलाका दामले आली. पुण्याची, सत्तावीस वर्षांची, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. गावात तिला कोणी ठेवून घेईना. कुणी म्हणे जमीन मोजायला आलीय, कुणी म्हणे कंपनीची हेर आहे. आमच्या खालच्या वाडीचे गावकर, म्हणजे मानकरी, धाकूआबा म्हणाले, "एकटी बाई झाडाची पानं गोळा करत फिरते, करणीशिवाय दुसरं काय असणार?" मी ठेवून घेतली. भेटल्याभेटल्या मला 'कुठल्या वाडीची' असं न विचारता 'चहा मिळेल का हो' म्हणणारी ती सहा वर्षांत पहिलीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंथरुणात नव्हती. मी चहा ठेवला तेव्हा परत आली, सलवार गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेली.

"कुठं गेलेलात एवढ्या सकाळी?"

"फिरायला. छान आहे तुमचा गाव."

आमच्या गावाला कोणी छान म्हणालं की मला संशय येतो. मी तिच्या पिशवीकडे बघितलं. तिने ती पायाने जरा मागे सरकवली. मला वाटलं, आबा म्हणतात त्यात तथ्य असेल काय.

पण चहा घेता घेता मी तिला बांधापलीकडचा आईचा धूर दाखवला आणि ती मोकळी झाली. म्हणाली, हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत सापडतं, पण सगळीकडचं सारखं नाही. वरून दिसायला एक, आतून प्रत्येक भागातलं वेगळं.

"म्हणजे आमच्या कालवणासारखं," मी म्हटलं. "नाव एकच, पण घराघरातलं वाटण वेगळं. चव घेतली की सांगावं, ही कुणाच्या घरची."

तिने वही काढून ते लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातवी पास बाईचं वाक्य कुणी लिहून घेतं काय! "अगदी बरोबर, सुगंधाताई. मी पानातलं वाटण तपासते. आपल्या किनाऱ्यावरची झाडं तिकडच्या कुठल्या भागातून आली ते त्यावरून कळतं. एकमेकांची कोण लागतात तेही कळतं."

'कोण लागतात' हे दोन शब्द मी दुपारी विहिरीवर बोलले. चूक माझीच. संध्याकाळी ते बांधापलीकडे पोचले तेव्हा त्यांचं 'आई कोण ते कळतं' झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या बांधावर. खालची या टोकाला, वरची त्या टोकाला, मधे बिचारी शलाका.

"काय गो पोरी," धाकूआबा म्हणाले, "झाडाचं रक्त तपासून नातं सांगतेस म्हणे?"

"रक्त नाही, पानं. नातं असलं तर कळेल. पण आई कोण हे—"

"ऐकलात?" आबा वाडीकडे वळून ओरडले. "कळेल म्हणते!"

"आमी मानू," पलीकडून सहदेव ओरडला. "पण पानं सगळ्यांच्या देखत तोडायची. ह्यांचा भरवसा नाय."

"तुमचा हाय काय रे? देवळातली समई कोणी नेली?"

"समईला हात लावलेला नाय आमी!"

त्या गलक्यात शलाकाचा 'पण' कुठे वाहून गेला ते कोणाला कळलं नाही. तिने दोनतीनदा तोंड उघडलं, मग मिटून घेतलं.

पानं सगळ्यांच्या देखत तोडली गेली. शलाकाने ती निळ्या काचेच्या मण्यांसारख्या दाण्यांत घालून सुकत ठेवली. हे दाणे ओल ओढून घेतात आणि गुलाबी होतात. गुलाबी झाले की तिने माझ्याच लोखंडी कढईत ते भाजून घेतले, पुन्हा निळे. मी शेजारी उभी राहून बघत होते. बायकांच्या हाताला कढईतलं काही एकदा दाखवलं की पुरतं.

तिसऱ्या दिवशी वाळलेली पानं आणि ताजे निळे दाणे दोन जाड पुड्यांत भरले गेले. एकीवर 'वरची', एकीवर 'खालची'. आबांनी आणि सहदेवने कागदाच्या दोन पट्ट्यांवर सह्या केल्या. एकेक पट्टी एकेका पुडीच्या तोंडावर चिकटवायची. शलाकाची डिंकाची बाटली सुकलेली निघाली.

"शितं आण गो," आबा म्हणाले.

मी भाताची चार शितं आणली. आमच्याकडे पत्रिका, पतंग, पाकीट, सगळं शितांनीच चिकटतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, झालं पक्कं. शितांनी चिकटवलेलं ओल्या बोटाने सुटतं, हे त्या चाळीस माणसांत एकालाही सुचलं नाही. मला सुचलं.

शलाकाला चार दिवस वेंगुर्ल्याकडची झाडं बघायला जायचं होतं. "वाटेत पन्नास झाडांची पानं घेणार ही," आबा म्हणाले, "आमची त्यात मिसळली म्हणजे? परत येशील तेव्हा ने." मग डबा ठेवायचा कुठे? देऊळ कुलपात. शाळामास्तर वरचीचा. शेवटी कोणीतरी म्हणालं, सुगंधाकडे. यात विश्वासाचा भाग नव्हता. दोन्ही वाड्यांचा माझ्यावर सारखाच अविश्वास होता. खालचीला मी वरचीची लेक, वरचीला मी खालचीची सून. माप बरोबर भरलं.

तर असा तो पहारा. सहदेव सहा वर्षांनी माझ्या पडवीत आला होता आणि पाणीसुद्धा पीत नव्हता. आईने त्याच्याबरोबर जेवणाचा डबा दिलेला असायचा, तो उघडला की तिच्या हातच्या सुक्या जवळ्याचा वास घरभर फिरायचा. मी आत चुलीपाशी बसून तो वास घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहदेव मागे आंब्याकडे गेला तसे हे आत आले. हातात जाळ्याची सुई तशीच.

"सुगंधा, त्या पुड्या… एकीतलं दुसरीत केलं तर?"

"का?"

"काय नाय. आपलं."

"आपलं झाड आई हाय ना?"

"हाय."

"मग बदलायची कशाला?"

हे सुईकडे बघत राहिले. "आजा मरताना मला म्हणालेला, वासू, आई तिकडची हाय. बोलू नको कुठं." मग घाईने म्हणाले, "आपण जिंकलो की आबा बंदी उठवणार. तू जा आयेकडे. मी स्वतः सोडीन तुला बांधावर."

मागच्या दाराशी पावलं वाजली. हे पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी यांना आबांनी बोलावलं. पडवीत सहदेव, मी आणि मनी. बराच वेळ तो खांबाची साल नखाने काढत होता.

"खांबा," तो म्हणाला, "तिला सांग, आमचा आजा मरताना आयेला म्हणालेला, झाड खालचीचं आधीचं. आये मला मागच्या वर्षी बोलली."

मी मनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"सांग तिला, पुडीतलं इकडचं तिकडं केलं, तर वरची जिंकेल. मग कोण अडवतोय तिला? आये रोज विचारते, सुगी दिसली काय बांधावर." तो उगाच खोकला. "खांबा, सांग. बास."

त्या रात्रभर मी दोन आज्यांचा विचार करत होते. दोघांनी आयुष्यभर बांधावर उभं राहून 'आई आमची' म्हणून शिव्या दिल्या आणि मरताना आपापल्या माणसाच्या कानात खरं ते सांगून गेले, म्हणजे दोघांना जे खरं वाटत होतं ते. ज्याला आपल्या झाडाची खात्री असते तो पुडी बदलायला सांगत नाही. आणि दोघांचंही ऐकलं असतं तर? एकदा इकडची तिकडे, पुन्हा तिकडची इकडे. पुड्या होत्या तिथेच.

पण खरी गोम निराळी होती. दोघांनी मला एकच लाच दाखवली होती, आई. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की खालची जिंकली तर वरची मला दारात उभी करणार नाही आणि वरची जिंकली तर खालची मला दाराबाहेर सोडणार नाही. कोणीही जिंकलं तरी बांध बंदच. मला कोणीही जिंकायला नको होतं.

चौथ्या दिवशी मी कुळथाची पिठी केली, भात जरा जास्त वाढला. सहदेवने आपला डबा खाल्ला. दुपारी दोघेही घोरत होते. पहारा दोघांचा असला की दोघेही तो दुसऱ्यावर सोडून झोपतात. मी कोनाड्यातला डबा आत नेला. बोट ओलं करून पट्ट्या सोडवल्या. पानं ताटात ओतली. अर्धी इकडची तिकडे, अर्धी तिकडची इकडे. मोजत बसले नाही. आमची खारी हवा लागून दाणे गुलाबी पडायला लागले, ते पिठीच्या कढईतच, फडक्याने पुसून, भाजून घेतले. निळे झाल्यावर पुड्या भरल्या, नवी शितं लावली, पट्ट्या जागच्या जागी बसवल्या. डबा कोनाड्यात ठेवला तेव्हा मनी माझ्याकडे बघत होती. तिला मी म्हटलं, "काय बघतेस?"

संध्याकाळी शलाका आली. तिने पुडी कानाशी धरून हलवली, दाणे खळखळले. मग माझ्याकडे बघितलं.

"चार दिवसांत कोणी हात नाही ना लावला?"

"दोन माणसं होती पहाऱ्याला," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. ती जरा हसल्यासारखी झाली आणि तो डबा पिशवीत टाकून गेली. ते हसणं मला पुढे तीन महिने टोचत राहिलं. तिला कळलं असेल काय? यांनी विचारलं, "केलंस?" मी म्हटलं, "तुमचं काम झालं." सहदेव डबा जाताना बघायला बांधावर उभा होता, त्याने लांबून मान हलवून विचारलं, मी मान हलवून 'हो' म्हटलं. दोघेही खूश. आणि दोघेही त्या दिवसापासून माझ्याकडे असे बघायला लागले की ही नेमकी कोणाची.

माघात पत्र आलं. गावात मोठ्याने वाचण्यात मी पुढे, म्हणून बांधाच्या मधोमध उभं राहून मलाच वाचावं लागलं. शलाकाने सोपं करून लिहिलं होतं. वरचीच्या झाडाचं वाटण मोझांबिकच्या बाजूच्या झाडांशी जुळतं. खालचीच्या झाडाचं केनियाच्या किनाऱ्यावरच्या झाडांशी. दोन झाडं दोन वेगळ्या मुलखांतून, बहुधा वेगळ्या काळी आली. दोघींपैकी कोणीही दुसरीची आई नाही, मुलगी नाही, बहीणसुद्धा नाही.

पत्र संपलं. मला ठाऊक होतं ना हे असं का आलं ते! मीच तर मिसळलं होतं.

"म्हंजे," धाकूआबा हळूच म्हणाले, "आई कोणच नाय?"

"अवो, म्हंजे दोगी सुनाच की!" मागून भागीकाकी म्हणाली. सत्तरीची, बांधावर फतकल घालून बसलेली. "लांबच्या गावच्या. एक ह्या वाडीत दिली, एक त्या. आणि तुमी सासऱ्यासारखे भांडताय, थोरली कोण!"

आधी बायका हसल्या. मग पुरुषांना नाइलाजाने हसावं लागलं. सहदेवने यांच्याकडे बघितलं, यांनी सहदेवकडे. दोघेही पुड्या बदलल्या असं समजून उभे होते आणि दोघेही चोरी पकडली न जाता सुटले होते. त्या दोघांइतकं मोकळं कोणी हसलं नाही.

अर्ध्या तासात ठरलं. पालखी एका वर्षी एकीकडे आधी, दुसऱ्या वर्षी दुसरीकडे. आणि सुना म्हटल्यावर ओटी भरायला हवी; दोघींची ओटी दोन्ही वाड्यांतल्या बायकांनी भरायची. म्हणजे बांध ओलांडायलाच हवा.

माणसं पांगली. सहदेव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जवळ खांब नव्हता, मांजर नव्हती. त्याने इकडेतिकडे बघितलं.

"ताय," तो म्हणाला, "जेवायला ये."

आई खाटेवर उशांना टेकून बसली होती. मी तिच्या पायांशी बसले. ती किती वेळ माझ्या बांगड्या मागे-पुढे करत राहिली.

"धूर बघायचीस ना?" ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"ओलं लाकूड घालायची मी मुद्दाम. सुक्याचा धूर तुला दिसला नसता."

"आये, तुझा दम—"

"बस गप," ती म्हणाली.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. दोन शिमगे तिने दारात पालखी बघितली. गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिला खांदा दोन्ही वाड्यांनी दिला.

पण मी कधी त्या झाडांची ओटी भरली नाही. दरवर्षी बायका ताट घेऊन निघायच्या आणि मला काहीतरी व्हायचं. आधी डोकं, मग कंबर, गेली पाच-सहा वर्षं गुडघा. देवीसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? गावाचं सगळं सख्य माझ्या कढईतून निघालेलं. आईची ती दोन वर्षं मी लबाडीने मिळवलेली. शलाकाने पुढे मोठा अभ्यास छापला, त्यातला नकाशा तिने मला पाठवला होता. आमच्या गावाचे त्यावर दोन ठिपके, एक लाल, एक हिरवा. मी तो घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला. चुकीचे ठिपके, आणि ते माझ्या हातचे.

गेल्या मार्गशीर्षात दारात गाडी थांबली. शलाकाच होती. केस निम्मे पांढरे, चष्मा, पण म्हणाली तेच, "चहा मिळेल का हो?"

मी चहा ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून सगळं सांगून टाकलं. आजे, लाच, शितं, ताट, कढई. "तुमचा नकाशा माझ्यामुळे चुकला," मी म्हटलं. "जे काय करायचं ते करा."

पिशवीतून एक डबा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. बिस्किटांचा. गंजलेला. आत त्याच दोन पुड्या.

"या मी कधी तपासल्याच नाहीत, सुगंधाताई."

मी कप खाली ठेवला.

"पहिल्याच पहाटे, कोणी उठायच्या आत, मी दोन्ही झाडांची पानं घेऊन आले होते. तपासली ती. बांधावरचं सगळं गावासाठी होतं. नाहीतर मला जाऊ दिलं असतं का? तुमचा नकाशा बरोबर आहे."

मला आठवली ती दवाने भिजलेली सलवार, पायाने मागे सरकवलेली पिशवी.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा."

"नव्हता," ती शांतपणे म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला तो धूर दाखवला होतात. ज्याला काहीतरी इतकं हवं असतं, त्याच्या घरात मी नमुना कसा ठेवणार? पुण्याला गेल्यावर नुसत्या कुतूहलाने पुड्या उघडल्या. वरचीच्या पानाला खालून लव असते, खालचीचं गुळगुळीत. दोन्ही पुड्यांत दोन्ही होती. आणि हे." तिने पुडी माझ्या तळहातावर उलटी केली. फिकट गुलाबी पडलेल्या दाण्यांत चार काळे दाणे होते. मोहरी. पिठीच्या फोडणीची.

आधी ती हसायला लागली. मग मी.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा बोलले असते तर गावाने माझं पत्र मानलं असतं?" तिने डोळे पुसले. "आणि तुमचे दोघे सांगत होते तशा पुड्या नुसत्या बदलल्या असत्या ना, तरी आई कोण ते ठरलंच नसतं. नातं असलंच, तर पान एवढंच सांगतं, की या दोघी मायलेकी. त्यातली माय कोण, ते नाही. नातं दोन्हीकडून सारखंच दिसतं. मी त्या दिवशी बांधावर तेच सांगत होते."

ती गेल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून राहिले. आईच्या घरी आता सहदेवची सून गॅसवर स्वयंपाक करते. धूर निघत नाही. तरी मी तिकडेच बघत होते. ती दोन वर्षं खरीच मिळालेली होती.

यंदाच्या शिमग्याला पाळी वरचीची होती. झाडाचं पान न् पान गळलेलं, नुसती बोंडं लोंबत होती. मी आईचं हिरवं खणाचं कापड, नारळ आणि तांदूळ ताटात घेतले आणि बायकांच्या पुढे बांध चढले. ओटी भरली, पुडीतल्या त्या चार मोहऱ्या बुंध्याशी टाकल्या. मग परत येऊन आमच्या वाडीतल्या झाडाचीही भरली.

घरी आले तर हे पडवीत.

"गुडघा बरा झाला वाटतं?"

"झाला."

जरा वेळाने म्हणाले, "एक विचारू? अठरा वर्षं विचारीन म्हणतोय. तेव्हा तू पुड्या खरंच बदललेल्यास काय?"

"नाय," मी म्हटलं.

यांनी जाळ्यावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. विश्वास बसलेला दिसला नाही.